कुलूपवाल्याच्या घरातल्या दोघी

ती कामावरून घरी आली आणि किल्ली कुलपात फिरेना.

तिने किल्ली बाहेर काढली, बाहीला पुसली, पुन्हा घातली. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. मग तिच्या लक्षात आलं. नवऱ्याने कुलूप बदललं होतं. म्हणजे आपलं काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते तो येईपर्यंत आपल्यालाच शोधून काढायचं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि सकाळपासूनचा दिवस उलगडून बघू लागली. गाडीवाल्याच्या कुठल्याशा बोलण्यावर ती हसली होती खरी. पण ते कामाच्या ठिकाणी, धुलाईखान्याच्या आवारात. ते ह्याला कसं कळलं?

शेजारीण भाजीची पिशवी घेऊन वर आली. "काय गं, कुलूपवाल्याची बायको आणि दाराबाहेर?" ती हसली. हीसुद्धा हसली. ह्या विनोदाला आता हसायची सवय झाली होती.

शेजारीण आत गेल्यावर जिना शांत झाला आणि तिला दारापलीकडचा श्वास ऐकू आला. सासू. दाराला अगदी लागून उभी होती. आतून नुसता खटका ओढला की दार उघडलं असतं.

"आई," ती हळूच म्हणाली.

श्वास थांबला. मग चपला फरशीवरून मागे मागे सरकत गेल्या.

नवरा गावातला नावाजलेला कुलूपवाला. कुणाची किल्ली हरवली, कुणाचं कपाट अडकलं की लोक त्याच्याकडे धावत. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडून तो पैसे घेत नसे. "राहू द्या हो मावशी, तुमच्या घरात चहा प्यायलोय मी," म्हणायचा. त्याचा आवाज कधी चढत नसे. घरातही नाही. तिला मारतानासुद्धा तो हळूच बोलायचा, एखाद्या मुलाला गणित समजावून सांगावं तसा. आधी खिडकी लावायचा. तेवढ्यात सासू स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, आणि भांड्यात पाणी मार संपेपर्यंत पडत राहायचं. मग नळ बंद व्हायचा आणि सासू गरम पाण्यात बुडवलेलं फडकं घेऊन यायची.

"गप्प राहा," ती शेकता शेकता म्हणायची. "उलट बोललीस की वाढतं. गप्प राहिलं की सरतं."

अशाच एका दुपारी तिच्या डाव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि त्या बाजूचं जग बंद झालं.

धुलाईखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. दवाखान्यांच्या चादरी तिथे धुऊन, गरम रुळांतून इस्त्री होऊन येत. दोघींनी चार कोपरे धरायचे, ताण द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. तिच्या हातची घडी अशी बसायची की मुकादम नवीन आलेल्या बायकांना म्हणायचा, "तिच्याकडे बघा आणि लाजा." ती फारसं बोलत नसे, म्हणून कुणाशी भांडणही नव्हतं.

प्रार्थनाघराच्या बाकांवरच्या गाद्यांच्या खोळी तिथेच धुवायला येत. त्या न्यायला एक निवृत्त नर्सबाई यायच्या. उंच, सावकाश चालणाऱ्या, पायात पुरुषी बूट. एकदा खोळी मोजून घेताना त्या अचानक घडीबाईच्या डाव्या बाजूला गेल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. तिने मान वळवली नाही.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही तुला," नर्सबाई समोर येऊन म्हणाल्या.

"आंघोळ करताना पाणी गेलं."

"पाण्याने कानाचा पडदा फाटत नाही गं." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "मंगळवारी दुपारी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत आम्ही बायका बसतो. ये. बोलायची सक्ती नाही."

घडीबाईने मान हलवली. "मी देवाचं सोडलंय."

तिने ते खरंच सोडलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती धीर करून प्रार्थनाघरातल्या काकांकडे गेली होती. काका म्हणजे तिथे प्रार्थना सांगणारे गृहस्थ, साऱ्या गावाचे काका. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरी, घरातली शांतता बाईच्या हातात असते. सहन कर. देव बघतोय." त्या दिवसापासून तिला देवाची भीती वाटू लागली. देव बघतोय, आणि तरी नुसता बघतच बसलाय, तर त्याच्यात आणि नळ सोडणाऱ्या सासूत फरक तो काय?

हे तिने नर्सबाईंना सांगितलं. एवढं लांबलचक वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

"ते काका म्हणाले," नर्सबाई म्हणाल्या. "देव तसं म्हणाल्याचं तू स्वतः ऐकलंस?"

"कुठल्या कानाने ऐकू?" ती म्हणाली.

नर्सबाई खो खो हसत सुटल्या. घडीबाईलाही हसू आलं. हसताना तिने सवयीने दरवाजाकडे बघून घेतलं.

मंगळवारी मुकादमाला दाताचं कारण सांगून ती गेली. मागची खोली लहान होती. गोल मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली, भिंतीला ओल. सहासात बायका. एक शाळेत शिकवणारी, एक शिवणकाम करणारी, एकीचं दुकान होतं. कुणीच तिला काही विचारलं नाही. सुरुवातीला सगळ्या गप्प बसल्या, मग ज्यांना वाटलं त्या आपापल्या शब्दांत देवाशी बोलल्या. शिवणकाम करणारी म्हणाली, "देवा, आज सकाळी मला नवऱ्याचा आवाज आठवला नाही. पहिल्यांदाच. एवढंच सांगायचं होतं." दुकानवाली तर देवाला चक्क रागे भरली. असं देवाशी बोलता येतं हे घडीबाईला माहीत नव्हतं.

ती जात राहिली. बऱ्याच मंगळवारांनंतर एकदा तिने तोंड उघडलं. "देवा, तू कुठे होतास?" एवढंच म्हणाली आणि पुढे रडतच राहिली. कुणी तिला समजावलं नाही, उत्तरही दिलं नाही. नर्सबाईंनी फक्त आपली खुर्ची तिच्या उजव्या बाजूला सरकवली. त्या दिवशी घरी परतताना तिला देव भेटला वगैरे काही नाही. पण आपण विचारलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. जे घडतंय ते देवाच्या मनातलं नव्हे, एका माणसाच्या मनातलं आहे, हे तिला तिथे हळूहळू पटलं. पटल्यावर त्या घरात राहणं जमेना.

एके संध्याकाळी ती कामावरून घरी गेलीच नाही. नर्सबाईंच्या घरी माडीवर एक खोली होती. ती तिथे राहायला गेली.

तो आला नाही. निरोपही पाठवला नाही. धुलाईखान्याच्या फाटकापाशी उभा राहिला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शिवणकाम करणारी म्हणाली, "सुटलीस बाई." आपला नवरा कुलूप उघडताना घाई करत नाही, हे घडीबाईला माहीत होतं. तार आत घालायचा, डोळे मिटायचा आणि कान देऊन वाट बघायचा.

मग एका दुपारी ती खोलीवर आली तेव्हा दार तिने लावून गेल्यासारखंच बंद होतं. तिने ते उघडलं. खाटेवरची चादर घडी करून ठेवलेली होती. ती सकाळी चादर तशीच टाकून गेली होती. घडी नीट होती, पण तिची नव्हती. काठ आतल्या बाजूला गेले होते. तिच्या घरच्या चपला भिंतीशी जोडीने लावलेल्या होत्या, दाराकडे तोंड करून.

काहीच गेलं नव्हतं. काहीच मोडलं नव्हतं.

पोलीस चौकीतला साहेब वाईट नव्हता, पण त्याला हे कळेना. "कुलूप शाबूत. वस्तू जागच्या जागी. म्हणजे कुणीतरी आत शिरून खोली आवरून गेलं, अशी तक्रार लिहू?" त्याच्या मागचा शिपाई म्हणाला, "असा चोर आमच्या घरी पाठवा, साहेब." आणि दोघांनी हसू दाबलं.

नर्सबाईंनी दाराला आतून जाड अडसर बसवून घेतला. पण ती खोलीत असेल तेव्हाच तो उपयोगाचा. ती कामावर गेली की खोली त्याची होती. कधी पाण्याचा पेला उपडा घातलेला असे, कधी खिडकी लावलेली. तिची झोप उडाली. हातातल्या चादरींचे कोपरे जुळेनासे झाले. मुकादम पहिल्यांदाच तिच्यावर खेकसला.

आणि मग तो प्रार्थनाघरात यायला लागला.

सगळ्यात मागच्या बाकावर, कडेला बसायचा. मान खाली. पहिल्या खेपेला कुणी बोललं नाही. दुसऱ्या खेपेला काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो रडला. नंतर त्याने प्रार्थनाघराच्या मुख्य दाराचं गंजलेलं कुलूप काढून नवीन बसवलं. मग कपाटाचं. मग मागच्या खोलीचं. पैसे घेतले नाहीत. "मी दुसरं काय देणार देवाला?" म्हणाला. हे वाक्य गावभर झालं.

"माणूस बदलतो हो," शेजारीण मुद्दाम धुलाईखान्यात येऊन सांगून गेली. "किती वाळलाय बिचारा."

काका स्वतः नर्सबाईंच्या घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले. "मी त्याला पारखून घेतलंय, पोरी. तो मनापासून पस्तावलाय. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर तुझी माफी मागायची म्हणतोय. तूही दोन शब्द बोललीस तर... क्षमा करणाऱ्यावर देवाची छाया असते."

ते गेल्यावर घडीबाई नर्सबाईंकडे वळली. "ते खरं बोलतात का, बाई?" तिने विचारलं. "देवाला मी क्षमा करायला हवी असेल तर?"

"तुला काय वाटतं?"

"मला त्याची भीती वाटते. तो रडतो तेव्हा जास्त वाटते."

"मग आधी तेच देवाला सांग," नर्सबाई म्हणाल्या. "खोटं बोलून केलेली क्षमा त्याच्या काय कामाची?"

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. घडीबाई मंगळवारच्या बायकांच्या मधोमध बसली होती. तो पुढे आला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. हळू आवाजात बोलला, आणि फार सुंदर बोलला. मी आंधळा होतो, म्हणाला. माझं घर ओस पडलंय, म्हणाला. माझी आई तिची वाट बघत दाराशी बसून असते, म्हणाला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. बाकांवरून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. काकांनी हात पुढे केला. "ये, पोरी."

ती उठली. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या, आणि त्या प्रेमळ चेहऱ्यांची तिला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती. तिने तोंड उघडलं. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते मी आणि देव बघू," ती म्हणाली. "पण मी घरी येणार नाही."

नापसंतीची एक कुजबुज बाकांमधून सरकत गेली. त्याने मान डोलावली, समजूतदारपणे. "मी वाट बघेन," तो म्हणाला. "कितीही."

तेवढ्यात मुख्य दार वाजलं. दारात सासू उभी होती. अनवाणी. केस सुटलेले, एका तळहाताला फडकं गुंडाळलेलं. तिच्या मागे शेजारीण, धापा टाकत, हातात हातोडा.

सासूला कुणी कित्येक वर्षांत रस्त्यावर पाहिलं नव्हतं. ती आधाराला बाकं धरत पुढे आली.

"आई?" तो म्हणाला. "तू कशी आलीस?"

"तू बाहेरून घातलेलं कुलूप हिने फोडलं." तिने शेजारणीकडे बोट दाखवलं. "खिडकीची काच फोडून मी हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हाक मारली." मग ती काकांकडे वळली. "ह्याचं रडणं मला माहीत आहे, दादा. ह्याचा बापही असाच रडायचा. ह्याच बाकांवर. तुमच्या आधीच्यांनी मला हात धरून घरी पाठवलं होतं. त्याच आठवड्यात माझी बरगडी मोडली."

"आई, तुला बरं नाही. चल."

"बापाने मारलं तेव्हा हा दाराआडून बघायचा. मला वाटायचं, पोर घाबरतंय. हा शिकत होता." तिचा श्वास पुरेना. "आणि मी? हिला मारताना मी नळ सोडायचे. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू येऊ नये म्हणून. देवाच्या दारात खोटं कशाला बोलू?"



"ह्याने आतली खोली तयार केलीय हिच्यासाठी," सासू म्हणाली. "महिनाभर काम चाललंय. खिडकीला फळ्या ठोकल्यात. दाराला आतून मूठ ठेवलेली नाही. कडी बाहेरून आहे. मला म्हणाला, आता ती कुठे जाणार नाही, आई. तू तिला जेवण देत जा."

घडीबाईने त्याच्याकडे बघितलं. त्याचं रडणं थांबलं होतं. ओसरलं नव्हतं, थांबलं होतं, एकदम, नळ फिरवावा तसं. गाल अजून ओले होते, पण डोळे कोरडे. त्याने पुढे होऊन आईचा दंड धरला. "चल घरी," तो म्हणाला. त्याच हळू आवाजात. काका जवळ उभे होते. त्यांना त्याची बोटं दिसली, दंडाच्या मांसात रुतत चाललेली, आणि म्हातारीचा चेहरा दिसला. ती ओरडली नाही. तिला ओरडायची सवयच नव्हती.

"सोड तिला," काका म्हणाले.

"माझी आई आहे."

"सोड म्हणतो ना!" एवढ्या मोठ्याने काका कधी बोलले नव्हते. नर्सबाई उठल्या, शिवणकाम करणारी उठली, दुकानवाली उठली. मग मागचे काही पुरुषही उठले. त्याने सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली, प्रत्येक चेहरा ध्यानात ठेवावा तशी. दंड सोडला, सदरा सारखा केला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं.

ह्या वेळी चौकीतला साहेब हसला नाही. त्याने ती खोली जाऊन पाहिली. त्याला तिथे प्रार्थनाघराच्या, नर्सबाईंच्या माडीच्या, धुलाईखान्याच्याही किल्ल्या सापडल्या. त्या संध्याकाळी कुलूपवाला आपल्या दुकानात बसून कानशीने काहीतरी घासत होता, तिथूनच त्याला नेलं. पुढे खटला चालला. सासूने साक्ष दिली, शेजारणीने दिली, घडीबाईने दिली. त्याला शिक्षा झाली. जन्मभराची नव्हे. तो एक दिवस बाहेर येणार होता आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

दोघींना, कारण सासू आता माडीवरच राहत होती. दुसरं कुठे जाणार? नर्सबाईंनी दुसरी खाट टाकली. घडीबाईला ते सोपं गेलं नाही. म्हातारीने भांडी घासायला घेतली की ती उठून जिन्यात जाऊन उभी राहायची. एकदा ती ओरडली, "बंद करा तो नळ!" सासूने नळ बंद केला आणि हात ओले घेऊन तशीच भिंतीशी उभी राहिली. त्या दिवसापासून ती भांडी खाली अंगणात नेऊन बादलीत घासू लागली. गुडघे दुखत असूनही. दोघींनी ह्यावर कधी चर्चा केली नाही.

काका एका मंगळवारी मागच्या खोलीच्या दाराशी आले. आत येऊ का, असं विचारलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि घडीबाईने नाही म्हटलं. मग ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुला सहन कर म्हणालो होतो. ते देवाचं नव्हतं. माझं होतं." आणि गेले. दुकानवाली म्हणाली, "उशिरा का होईना." घडीबाईला त्या रात्री शांत झोप लागली.

सासू मंगळवारी यायची, पण प्रार्थना करायची नाही. "मला तोंड नाही," म्हणायची. चहा करायची, खुर्च्या मांडायची, एवढंच. घडीबाईचं मात्र हळूहळू देवाशी बोलणं वाढत होतं. कधी चादरीचे कोपरे जुळवताना, कधी जिना चढताना. भीती गेली नव्हती. पण आता भीती आली की ती एकटीची नसे. कुणीतरी शेजारी बसून ती ऐकून घेतंय असं तिला वाटे, आणि ऐकू न येणाऱ्या बाजूलाही तसंच वाटे.

पुढच्या थंडीत एका मंगळवारी सासू किटली खाली ठेवून खुर्चीत बसली. डोळे मिटले. सगळ्या वाट बघत राहिल्या.

"देवा," ती म्हणाली, "माझ्या मुलाला तू बघ. मला आता त्याच्याकडे बघायचं नाही. पण कुणीतरी बघायला हवं."

त्याचं भलं कुणी मागावं हे घडीबाईला सोसवेना. उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही. थोड्या वेळाने तिने सासूच्या बांगडी नसलेल्या, हाडकुळ्या मनगटावर आपला हात ठेवला. माफ केलं म्हणून नाही. म्हातारी थरथरत होती म्हणून.

परतताना संध्याकाळ झाली होती. दिवे अजून लागले नव्हते. रस्त्याच्या वळणावर मागून पावलं आली, पुरुषाची, सावकाश. दोघी एकदम थांबल्या. पावलंही थांबली.

"अहो बाई," हळू आवाज आला.

सासूने तिचा हात घट्ट धरला. घडीबाईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि वळली. खांद्यावर पिशवी घेतलेला कुणी वाटसरू होता. "दवाखाना कुठे आला हो इथे?"

तिने उजवा कान त्याच्याकडे केला, त्याला पुन्हा बोलायला लावलं आणि मग रस्ता सांगितला. सरळ जा, पुलापाशी डावीकडे. तो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

"घाबरलीस?" सासूने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीपण." म्हातारी तिचा हात न सोडता चालू लागली. "चल. पोळ्या करायच्यात अजून."